वारीला जुनं, जयंतीला नवं

सोलापूर जिल्ह्यात गाण्यांची मागणी वर्षातून दोनदा एकदम वाढते, आणि दोन्ही वेळा ती एकमेकींच्या उलट दिशेची असते. एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीची तयारी सुरू झाली की मंडळांतली पोरं एकच विचारतात, ‘यंदा नवीन काय आलंय?’ आषाढात ज्ञानोबांची पालखी धर्मपुरीहून आणि तुकोबांची अकलूजहून जिल्ह्यात उतरते, पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गावरच्या दुकानांतले कर्णे सुरू होतात, आणि तिथे कुणीही नवीन मागत नाही. तीच गाणी, तोच आवाज, त्याच चाली. मंगळवेढ्याहून निघालेल्या शिंदे घराण्याचे आवाज मात्र दोन्हीकडे असतात.

लोकांनी डोक्यावर घेतलेला, वय झालेला गायक नवीन गाणी घेऊन आला की त्याचे चाहते नेमकं काय करतात, या प्रश्नाचं एक तयार उत्तर सगळीकडे मिळतं: चाहते जुन्यातच रमलेले असतात, त्यांना नवीन पचत नाही, ‘पहिल्यासारखं राहिलं नाही’ एवढं बोलून ते जुनी कॅसेट परत लावतात. सोलापूरकडे पाहिलं की हे उत्तर अपुरं वाटतं. इथला श्रोता नव्याच्या विरोधात कधीच नव्हता. त्याची कसोटी वेगळी आहे. गाणं कुठल्या प्रसंगाचं, त्या प्रसंगी ते चालतं का, चार माणसं त्यावर उभी राहतात का, हे तो आधी बघतो. गायकाचं वय आणि कीर्ती नंतर.

प्रल्हाद शिंदे यांच्यापासूनच सुरुवात केली पाहिजे. त्यांचा जन्म १९३३चा, मंगळवेढ्याच्या मातीतला. घरात भजन-कीर्तन होतं. पुढे मुंबई, कव्वालीच्या पार्टीत कोरस धरणं, आणि मग स्वतःच्या नावावर उभं राहणं. त्यांच्या गळ्यावर कव्वालीचा संस्कार शेवटपर्यंत राहिला. उंच पट्टी, खुला आवाज, ओळीचं शेवटचं अक्षर पकडून घेतलेली उडी आणि मागून कोरसची भर. माईक साधा असला, कर्णा फाटका असला, तरी शब्द शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचला पाहिजे, यासाठी घडलेला तो आवाज होता. १९३३ हे साल मराठी गाण्याच्या दृष्टीने मोठं भाग्याचं म्हणायला हवं. आशा भोसले, सुलोचना चव्हाण आणि प्रल्हाद शिंदे या तिघांचं ते जन्मसाल. सिनेमा, लावणी आणि लोकांच्या रस्त्यावरचं गाणं, तिन्हीकडचे हे सर्वांत दणकट गळे.

मंगळवेढा म्हटलं की चोखोबा आठवणारच. गावकुसाची भिंत कोसळून चोखामेळ्यांचा अंत झाला तो याच गावात, आणि त्यांची समाधी आहे ती पंढरपुरात महाद्वारापाशी, देवळाच्या बाहेर. त्या देवळाचं दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला उघडलं ते साने गुरुजींच्या मे १९४७मधल्या उपोषणानंतर. तेव्हा प्रल्हाद शिंदे तेरा-चौदा वर्षांचे होते. पुढच्या नऊच वर्षांत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि समाजाने देव्हारा सोडला. ज्या पिढीने तरुणपणी हे दोन्ही पाहिलं, त्या पिढीतला एक गायक विठ्ठलाची गाणी म्हणतो, आणि तीच गाणी पुढची पन्नास वर्षं पंढरपूरच्या बाजाराचा आवाज होतात. पंढरीच्या वाटेवरचं त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं दत्ता पाटील यांनी लिहिलं आणि मधुकर पाठक यांनी बांधलं. ते संतांचा अभंग नाही, हे आज ऐकणाऱ्या अनेकांच्या ध्यानातही येत नाही.

त्यांच्या चाहत्यांत पहिली फूट पडली ती इथे. आंबेडकरी श्रोत्याला भीमगीतं गाणारे प्रल्हाद शिंदे आपले वाटत. बावीस प्रतिज्ञा मनापासून मानणाऱ्याला त्यांची भक्तिगीतांची नवी कॅसेट आली की प्रश्न पडे: आपला माणूस पुन्हा देवळात कशाला? या प्रश्नाला रागाची धार होती आणि त्यामागे खरी वेदनाही होती. ज्या दारातून पिढ्यान्‌पिढ्या हाकलून लावलं, त्या दाराची आळवणी आपल्यातल्या सर्वांत गोड गळ्याने करायची, हे सहन होण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या बाजूला उच्चवर्णीय घरांत सत्यनारायणाच्या पूजेला त्यांच्याच आवाजातली कथा लागायची, गणपतीत त्यांचीच आळवणी लागायची, आणि गायक कोण, कुठला, हे कुणी विचारायचं नाही. एकाच आवाजाला एकीकडून जाब विचारला जात होता, दुसरीकडून त्याचं नावही घेतलं जात नव्हतं. प्रल्हाद शिंदे दोन्ही गात राहिले. पोट गाण्यावर होतं हे कारण खरं आहे, पण तेवढंच नाही. लहानपणापासून कानावर पडलेला विठ्ठल आणि तरुणपणी मिळालेले बाबासाहेब, या दोन्हींसाठी त्यांच्या गळ्यात जागा होती. ती ऐकू येते, त्यासाठी चरित्र वाचावं लागत नाही.

कॅसेट नसती तर हे सगळं एवढं पसरलं नसतं. तबकडीच्या काळात काय छापायचं ते एक मोठी कंपनी ठरवायची. आवाज कुणाचा नोंदवायचा, ती निवडही मुंबईत व्हायची. १९८०च्या दशकात टेपरेकॉर्डर स्वस्त झाले, १९८३मध्ये सुरू झालेल्या सुपर कॅसेट्सने म्हणजे टी-सीरिजने किमती पाडल्या, आणि लहान कंपन्यांनाही धंदा जमू लागला. संगीताचे अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३च्या आपल्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारतातला हा बदल मांडला आहे. महाराष्ट्रात त्याचं सर्वांत मोठं पीक आलं ते भक्तिगीतांत, भीमगीतांत आणि लग्नाच्या वरातीच्या गाण्यांत.

कॅसेटने ऐकणाऱ्याचं वजन वाढवलं. दुकानदार मुंबईहून माल आणायचा तो जत्रेचा आणि सणाचा हिशेब करून. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, मग माघी, चैत्री, जयंती, उन्हाळ्यातली लग्नसराई, आषाढी, गणपती, नवरात्रात तुळजापूरला चालत जाणारे भक्त, कार्तिकी. प्रत्येकाचा वेगळा माल. गाणं चाललं की नाही याचा निकाल आठवड्यात लागे, कारण प्रसंगच आठवड्याचा. वडापच्या जीपमध्ये, ट्रकच्या केबिनमध्ये, यंत्रमागाच्या शेडबाहेरच्या चहाच्या गाड्यावर कॅसेट फिरायची. ड्रायव्हरने दुसऱ्यांदा उलटी करून लावली तर ती पास. एखादं चांगलं गाणं पहिल्या बाजूला शेवटी असेल तर ते फेरीत कुठे येतं, हे रोजच्या प्रवाशांना पाठ असे.

आता जयंतीकडे. आंबेडकरी गाण्याची परंपरा मुळातच नवेपणाची आहे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव फिरले ते जुनी गाणी म्हणायला नव्हे. आज घडलेल्या गोष्टीवर उद्या गाणं, हा त्यांचा शिरस्ता. कव्वालीच्या मुकाबल्यात तर नवं बांधता येणं हीच परीक्षा होती. समोरच्या पार्टीने टाकलेल्या मुद्द्याला त्याच रात्री उत्तर द्यायचं. अशा कार्यक्रमात चाहत्यांची प्रतिक्रिया लपून राहत नाही. फर्माईशीची चिठ्ठी व्यासपीठावर येते, तिच्याबरोबर नोट येते, आणि ‘अमक्या मंडळातर्फे एकावन्न रुपये’ असा पुकारा होतो. कोणत्या ओळीवर नोटा आल्या, कोणत्या कडव्याला लोक उठून चहाला गेले, हे गायकाला डोळ्यांसमोर दिसतं. कुठल्याही समीक्षकापेक्षा हा निवाडा अधिक कडक आणि अधिक प्रामाणिक आहे.

म्हणून सोलापुरात बुधवार पेठेतल्या जयंतीला गेल्या वर्षीचंच गाणं चालत नाही. नवीन हवं असतं, कारण जयंती हा समाजाने स्वतःला दर वर्षी नव्याने मांडण्याचा दिवस आहे. गाण्यात संविधान असेल, शिक्षण असेल, यंदाची एखादी ताजी गोष्ट असेल. जुनी भीमगीतं सकाळी वंदनेच्या वेळी लागतात, संध्याकाळी मिरवणुकीत नवीन. एकाच दिवसात, एकाच श्रोत्याच्या मनात दोन्ही गोष्टींना जागा आहे, फक्त तास वेगळे.

वारीचं नेमकं उलट. दिंडीत तर कॅसेटला प्रवेशच नाही. टाळ, मृदंग, वीणा आणि ठरलेले अभंग, ठरलेल्या क्रमाने. कॅसेटचं गाणं दिंडीच्या कडेने चालतं: चहाच्या टपरीत, फराळ वाटणाऱ्या मंडळाच्या मांडवात, सामानाच्या ट्रकमध्ये, पंढरपुरात प्रासादिक वस्तूंच्या दुकानात. पण दिंडीची शिस्त त्यालाही लागते. वारकऱ्याला गाण्यातून काही नवीन कळायचं नसतं. गेल्या वर्षी वाखरीला जे ऐकलं तेच यंदा ऐकू यावं, वर्ष पुरं झाल्याची ती खूण. मोठमोठ्या गायकांच्या विठ्ठलाच्या नव्या ध्वनिमुद्रिका दर आषाढीला निघतात. त्यांतल्या कित्येक सुरेल आहेत, वाद्यमेळ उत्तम आहे. दुसऱ्या वर्षी त्या वाटेवर ऐकू येत नाहीत. त्यात गायकाचा दोष नसतो. तिथे जागाच रिकामी नसते.

हा फरक नीट समजला की आनंद शिंदे यांच्याबद्दलच्या प्रतिक्रियांचा गुंता सुटतो. प्रल्हाद शिंदे यांचे चिरंजीव आनंद आणि मिलिंद कॅसेटच्या भरात पुढे आले. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्याने महाराष्ट्रात धुमाकूळ घातला, आणि पाठोपाठ त्याच वळणाच्या, दुहेरी अर्थाच्या गाण्यांची रांग लागली. बापाच्या श्रोत्यांपैकी कितीतरी जण नाराज झाले. ज्या घरातून देवाची आणि भीमाची गाणी आली त्या घरातून हे काय, ही तक्रार सोलापूर-पंढरपूर पट्ट्यात मोकळेपणाने बोलली जाई. बायकांची नाराजी जास्त रास्त होती. वरातीत त्या गाण्यांवर नाचणारे पुरुष आणि कडेने मान खाली घालून चालणाऱ्या मुली, हे चित्र त्या वेळी गावोगाव होतं, आणि त्याची किंमत गाण्याच्या खपात मोजली गेली नाही.

तरीही एवढं म्हणून थांबणं अन्यायाचं ठरेल. वरात हा प्रसंग या गाण्यांआधीही होता आणि त्याला स्वतःचं संगीत हवंच होतं. लावणीतला शृंगार, दादा कोंडक्यांच्या सिनेमातली चावट बोली, बेंजो पार्टीचा ठेका आणि कव्वालीचा खुला गळा यांची मोट बांधून आनंद शिंदे यांनी नाचाचं एक मराठी गाणं उभं केलं. त्यात हिंदी सिनेमाची नक्कल नव्हती. चाल ऐकताच पाय उचलतात, आणि शब्द ज्या बोलीत आहेत ती बोली सांगोला-माढ्याच्या बाजारात ऐकू येते. ज्यांनी नाकं मुरडली, त्यांच्याही घरच्या लग्नात ते वाजलं.

मग २००५मध्ये ‘जत्रा’ आला. अजय-अतुल यांनी ‘कोंबडी पळाली’ आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांच्याकडून गाऊन घेतलं, आणि पुण्या-मुंबईच्या ज्या श्रोत्याला शिंद्यांची कॅसेट दिवाणखान्यात चालत नव्हती, तो त्याच गळ्यावर टाळ्या पिटू लागला. हिंदी ‘अग्निपथ’मध्ये २०१२ साली तीच चाल नव्या शब्दांनी आली. सोलापूरच्या जुन्या चाहत्याला यात आनंद होता, आणि थोडी चीडही: वीस वर्षं हा माणूस गातोय, तुम्हाला आत्ता ऐकू आला? ही चीड खरी मानली पाहिजे. लोकप्रिय गायकाच्या नव्या कामावर पहिल्यांदाच टाळी वाजवणारा आणि त्याच्यामागे आधीपासून उभा असलेला, या दोन श्रोत्यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

पुढे मुलगा आदर्श आला. ‘पोश्टर गर्ल’ (२०१६) या चित्रपटात डीजेला आवाज वाढवायला सांगणारं गाणं बाप-लेकांनी मिळून गायलं, आणि ते अजूनही वरातीतून हटलेलं नाही. २०१९मध्ये सुरू झालेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’ या मालिकेचं आदर्श यांच्या आवाजातलं शीर्षकगीत तर जयंतीच्या मिरवणुकीत कायमचं शिरलं. दूरदर्शन संचावरचं गाणं रस्त्यावर उतरून टिकतं तेव्हा त्याने कसोटी पार केली असं समजावं. आजोबा, वडील, नातू अशा तीन पिढ्यांतल्या श्रोत्यांना एकमेकांची गाणी तितकीशी आवडत नाहीत. पंढरपुरातला वयस्कर वारकरी आजोबांवर थांबलेला असतो, पन्नाशीतला ट्रकवाला वडिलांवर, कॉलेजातला पोरगा नातवावर. तिघांनाही आपला शिंदे खरा वाटतो.

सोलापूरला हे भांडण नवं नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात याच गावचा राम जोशी वेदपाठी घरातून तमाशात गेला, घराबाहेर पडला, पंढरपुरात शास्त्र शिकून कीर्तनकार झाला, मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकांपर्यंत नेऊ लागला, आणि लावणीही त्याने सोडली नाही. तमासगिराला कीर्तनात बघून कुणी भुवया उंचावल्या, कीर्तनकाराला फडात बघून आणखी कुणी. दोन्हीकडचे लोक त्याला ऐकायला मात्र गर्दी करत राहिले. त्याच्यावर १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट निघाला. त्यात जयराम शिलेदार यांनी राम जोशी रंगवला.

दुसऱ्या टोकाला सभागृहातला श्रोता आहे. हुतात्मा स्मृती मंदिरात भावगीतांचा कार्यक्रम असला की तिकीट काढून येणारा माणूस काय ऐकायला येतो, हे गायकाला आधीच ठाऊक असतं. अरुण दाते यांनी श्रीनिवास खळे यांच्या चालीवर ‘शुक्रतारा’ १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला गायलं, आणि त्यानंतर जन्मभर कार्यक्रमालाच ते नाव लागलं. सुधीर फडके यांनी १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी ‘गीतरामायणा’ची ५६ गाणी सादर केली आणि पुढे आयुष्यभर महाराष्ट्रात ती गायली. त्या श्रोत्याला एक हरकत बदललेलीही खटकते. नव्या गाण्याला तो सभ्यपणे टाळी देतो आणि मध्यंतरानंतर जुन्याची वाट पाहतो. एका अर्थी हा श्रोता वारकऱ्यासारखाच आहे. फरक इतकाच की वारकऱ्याचं जुनं सगळ्या वाटेचं असतं, याचं जुनं त्याच्या स्वतःच्या तरुणपणाचं.

लता मंगेशकर यांनी १९९२मध्ये ‘श्रद्धांजली’ काढली तेव्हा याच श्रोत्यापुढे पेच पडला. सैगल, रफी, किशोर, मुकेश, हेमंतकुमार अशा दिवंगत गायकांची गाणी त्यांनी स्वतःच्या आवाजात पुन्हा म्हटली. आवाज आवडता, गाणीही आवडती, आणि तरी कित्येकांचा कान कुरकुरला, कारण ती गाणी कानात दुसऱ्या गळ्याने आधीच बसली होती. आशा भोसले यांनी धोका अधिक मोठा पत्करला. राहुल देव बर्मन १९९४च्या जानेवारीत गेले, आणि १९९६मध्ये लेस्ली लुईस यांच्याबरोबर बर्मन यांचीच गाणी नव्या ठेक्यात घेऊन ‘राहुल अँड आय’ आला. जुने रसिक दुखावले. पुढच्याच वर्षी, चौसष्टाव्या वर्षी, ‘जानम समझा करो’ने त्यांना एमटीव्हीचा पुरस्कार मिळवून दिला आणि कॉलेजातल्या पोरांना वाटलं की ही आपलीच गायिका. २००५मध्ये अमेरिकेतल्या क्रोनोस क्वार्टेटबरोबरच्या त्यांच्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. डिसेंबर २०२४मध्ये दुबईच्या कार्यक्रमात एक्क्याण्णवाव्या वर्षी त्यांनी करण औजलाचं ‘तौबा तौबा’ नाचाच्या ढंगासह म्हटलं, आणि नातवंडांच्या वयाचे लोक थक्क झाले. आशाबाईंनी चाहत्यांची परवानगी कधी मागितली नाही. त्यांचं काम पाहिलं की वाटतं, न मागणंच बरोबर होतं.

पाश्चात्त्य पॉप-रॉकमध्ये याच प्रश्नावर खूप लिहिलं गेलं आहे. बॉब डिलन यांनी जुलै १९६५मध्ये न्यूपोर्टला विजेची गिटार हाती घेतली तेव्हा लोकगीतांच्या श्रोत्यांतून हुर्यो उठली, आणि पुढच्या वर्षी मँचेस्टरला कुणीतरी त्यांना गर्दीतून ‘जुडास’ म्हणून हाक मारली. आबा या स्वीडिश गटाने १९८१नंतर चाळीस वर्षांनी, २०२१मध्ये ‘व्हॉयेज’ काढला. रोलिंग स्टोन्सची स्वतःच्या गाण्यांची नवीन ध्वनिमुद्रिका २००५नंतर थेट २०२३मध्ये आली. तिथे वाद असतो तो कलावंत स्वतःशी खरा राहिला का, यावर. सोलापूरच्या श्रोत्याला हा प्रश्न फारसा पडत नाही. गायक आपल्याशी, आपल्या प्रसंगाशी खरा राहिला का, हे त्याला हवं असतं. डिलन यांच्यावर ओरडणारी माणसंही खरं तर आपल्या चळवळीच्या मेळाव्यासाठीच गाणं मागत होती, हे इथून पाहिलं की जास्त स्पष्ट दिसतं.

सोलापूर एकभाषिक नाही, हेही इथे विसरून चालणार नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली वस्तीत तेलुगू गाणी वाजतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवात त्यांचा जोर असतो. अक्कलकोटच्या बाजूला कन्नड भक्तिगीतं. एकाच रस्त्याच्या तीन चौकांत तीन भाषांचे स्पीकर लागलेले असतात. तेलुगू नायकाचं नवीन गाणं आणि आनंद शिंद्यांचं नवीन गाणं एकाच रात्री, एकाच ध्वनिवर्धकावर, एकामागून एक तोलली जातात. २०१६मध्ये करमाळ्याच्या मातीतला ‘सैराट’ आला तेव्हा ‘झिंगाट’ या तिन्ही चौकांत शिरलं. तेव्हापासून अजय-अतुल यांच्या प्रत्येक नव्या गाण्याला इथली पोरं त्याच मापाने मोजतात, आणि ते माप फार उंच आहे.

कॅसेट गेली, सीडी आली आणि गेली. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळण्याचे दिवस आले, आणि सप्टेंबर २०१६नंतर स्वस्त इंटरनेटने तेही मोडले. याचा श्रोत्याच्या कानावर झालेला परिणाम मोठा आहे. डीजेच्या ध्वनिव्यवस्थेत खालचा ठोका छातीत बसतो आणि मधला सूर, म्हणजे माणसाचा आवाज, दबतो. प्रल्हाद शिंदे यांचा गळा ज्या सुरांत राहतो तीच पट्टी तिथे चिरडली जाते. त्यांच्या जुन्या गाण्याखाली ठेका घालून केलेली मिश्रणं मिरवणुकीत वाजतात, तेव्हा गाणं ओळखू येतं, गायक ओळखू येत नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर कर्णे बंद ठेवायला सांगितले आहे, काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट आहे. चर्चा मात्र वेळेचीच होते. ठोक्याखाली शब्द मरतो, आणि भीमगीताचा जीव शब्दात आहे, हे जयंती मंडळांतल्या जाणत्यांनी आता पोरांना सांगितलं पाहिजे. वामनदादांचं गाणं समजलं नाही तर ते वाजवून उपयोग काय?

आणखी एक नवी गोष्ट दारात उभी आहे. यंत्राकडून कुणाच्याही आवाजात नवीन गाणं म्हणवून घेता येतं. आशा भोसले यांच्या आवाजाची अशी नक्कल करण्याला मुंबई उच्च न्यायालयाने २०२५मध्ये आळा घातला. त्याआधी २०२४मध्ये अरिजित सिंग यांना तसंच संरक्षण मिळालं होतं. ज्यांना वकील उभा करता येतो त्यांचं निभावलं. जे गायक हयात नाहीत, ज्यांनी कॅसेट कंपनीकडून एकरकमी पैसे घेतले आणि ज्यांचे करारच जपले गेले नाहीत, त्यांच्या आवाजाचं काय? भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे १९६०च्या दशकातल्या तबकड्या एकेक करून मोकळ्या होत चालल्या आहेत. पुढच्या काही वर्षांत त्या आवाजांवर कुणीही ठेका चढवून ‘नवीन’ म्हणून विकू शकेल. गीतकाराचा हक्क मात्र त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, आणि तो सांगायला गीतकाराचं नाव तरी माहीत हवं.

ती नावं कॅसेटच्या डबीतल्या घडीच्या कागदावर छापलेली आहेत: गीतकार, संगीतकार, कंपनी, साल, आणि कधी कधी ढोलकी आणि बेंजोवर कोण बसलं होतं तेही. पेन ड्राइव्हवर गाणं गेलं तेव्हा हा कागद मागे राहिला. सोलापूर, मोहोळ, मंगळवेढा, सांगोला इथल्या घरांच्या माळ्यांवर, जुन्या दुकानांच्या गोदामांत, बंद पडलेल्या वडापच्या जीपच्या कप्प्यांत असे कागद अजून सापडण्यासारखे आहेत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने मराठीच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एका सुट्टीपुरतं हे काम दिलं, प्रत्येक डबीचा कागद आणि दोन्ही बाजूंचा आवाज नोंदवून घेतला, आणि ज्यांनी ते विकत घेतलं त्यांना कोणत्या सणाला घेतलं एवढं विचारलं, तर या जिल्ह्याच्या चाळीस वर्षांच्या ऐकण्याचा पहिला पक्का हिशेब हाती येईल.